निशाणी

खैरनार मॅडमचे वडील नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटा तपासायचे.
तीस वर्षं एकच काम : चुकलेली रेघ शोधणं.
सुटताना फाटकावर झडती, खिसे कायम रिकामे,
घरी यायची ती फक्त सवय.
लग्नाची पत्रिका असो, शाळेचा दाखला असो,
आधी उजेडाकडे धरायचे.

मुलगी वकील झाली.
लोक म्हणाले, जमिनीच्या दाव्यांना मरण नाही, तेच धर.
तिनं धरले नावांचे दावे, चित्रांचे, डब्याच्या रंगांचे.
बाररूममध्ये चहा ढवळत एका ज्येष्ठांनी विचारलं,
"नावाला सात-बारा असतो का हो?"
"नसतो. म्हणून तर वकील लागतो."

मी त्यांच्याकडे सहा वर्षं ज्युनिअर होतो.
पहिल्याच आठवड्यात दोन पुड्या टेबलावर शेजारी मांडल्या,
आमच्या वडनेरेशेठचा सोनपावली मसाला
आणि समोरच्याचा सोनपाऊल.
फरक मोजले. अकरा भरले. मी घाबरलो.
मॅडमनी एक पुडी उचलून खणात टाकली.
"माझे वडील असं बघायचे, दोन्ही डोळ्यांसमोर.
गिऱ्हाईक तसं बघत नाही.
त्याच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात पोर,
आणि डोक्यात मागच्या महिन्याची पुडी, अर्धीमुर्धी.
आपला कायदा त्या अर्ध्यामुर्ध्या आठवणीचा.
जा, भद्रकालीत उभा राहा. विचारू नको काही. ऐक."

चार दिवस उभा राहिलो.
नाव कुणीच घेत नव्हतं.
"ते पावलाचं द्या," म्हणत होते.

आधी कोण, हा खरा प्रश्न होता.
शेठजींच्या जुन्या वह्या गोदेच्या पुरात गेलेल्या.
"कागद बुडतो," मॅडम म्हणाल्या, "स्टील बुडलं तरी राहतं."
मग रविवारी रविवारी आम्ही स्वयंपाकघरं हिंडलो,
सिन्नर, ओझर, पिंपळगाव,
फळीवरची भांडी उपडी करत.
भांड्याभांड्यावर कोरलेली माणसं :
कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण,
एका तांब्यावर नुसतंच "दादाकडून".
चौदाव्या घरी, कमळजाबाई पगारांकडे, एक वाटी.
बुडाला ठिपक्याठिपक्यांनी :
सोनपावली मसाला, दिवाळी १९७४, सप्रेम भेट.
बाई सोडेनात. "यात माझं विरजण असतं."
मॅडमनी पर्समधून स्वतःच्या डब्यातली वाटी काढली,
धुतली, पुसली, बदली ठेवली,
आणि रीतसर पावती लिहून दिली.

वाटीला चिठ्ठी लागली : निशाणी ५७.

उलटतपासणीत मॅडमचा आवाज चढत नसे, उलट उतरायचा;
कोर्टाला पंखा बंद करायला लागे.
साक्षीला खुद्द सोनपाऊलवाले.
अकरा फरकांची यादी त्यांना तोंडपाठ होती. म्हणून दाखवली.
"छान," मॅडम म्हणाल्या. "पुडी खाली ठेवा.
तुमच्या चित्रातलं पाऊल डावं की उजवं?"
त्यांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं.
"सात वर्षं तुम्हीच छापताय. पैंजणाला घुंगरं किती?"
"...आता नेमकं आठवत नाही."
"आणखी काही विचारायचं नाही."
माझ्या वहीत अजून बावीस प्रश्न होते.
मी चिमटा काढल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो.
बाहेर जिन्यात म्हणाल्या,
"दार उघडलं की कडी वाजवू नये."

निकाल आमच्या बाजूनं लागला. अपील मुंबईत पडून आहे.
वाटी लाखबंद पाकिटात, रेकॉर्डबरोबर.
आता माझी स्वतःची पाटी आहे, कॉलेज रोडला,
तरी कमळजाबाईंचा फोन दर दिवाळीला मलाच येतो.
"माझी वाटी?"
"अजून तारीख नाही, मावशी. मॅडमची आहे ना, तशीच तर आहे."
"आहे की. त्यातही लागतं दही.
पण तसं नाही लागत."
फरक काय, विचारलं,
तर त्यांना सांगता येत नाही.